फेकलेल्या पुड्यांचं रान

नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघणाऱ्या आमच्या घोळक्यात शेतीखात्यातून निवृत्त झालेली मी एकटीच. त्यामुळे भाजीपाल्याविषयीची जगातली प्रत्येक शंका माझ्याच गळ्यात पडते. टोमॅटो फ्रिजमध्ये जास्त दिवस टिकला, की ‘ताई, हा जीएम असणार’. पपईत बिया कमी निघाल्या, की ‘ताई, हल्ली सगळं जीएमच’. परवा तर एका निवृत्त बँकवाल्या काकांनी, मीच निफाडहून आणलेली द्राक्षं एकेक करून तोंडात टाकत विचारलं, “बी नाही, म्हणजे ही नक्की जीएम. खाल्ली तर चालतात का हो?” विचारेपर्यंत अर्धा घड संपला होता. मी म्हटलं, “काका, आता उरलेला अर्धाही संपवा. ही जीएम नाहीत.”

नाहीतच. बिनबियांची वेल कधीतरी निसर्गातच निपजली आणि माणसाने तिच्या काड्या लावून लावून ती वाढवली. जीएमचं, म्हणजे जनुकबदलाचं, प्रकरण वेगळं आहे. एका जिवातला गुण उचलून ज्याच्याशी त्याचा काही सोयरसंबंध नाही अशा दुसऱ्या जिवात बसवायचा. आपल्याकडे शेतकऱ्याला रीतसर पेरायला मिळालेलं असं पीक एकच, बीटी कापूस. मातीत एक जिवाणू असतो, त्याच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरं म्हणजे बीटी. तो बनवतो ते प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं, की तिचं आतडं फाटतं आणि ती मरते. माणसाच्या आतड्याची घडण निराळी, म्हणून आपल्याला ते तसं लागू पडत नाही. तो गुण कपाशीत बसवला आणि झाड स्वतःचं औषध स्वतःच तयार करू लागलं.

हे एवढं ऐकून काका सुटकेचा सुस्कारा सोडणार, तेवढ्यात मी सांगितलं, की याच कपाशीच्या सरकीची पेंड म्हशी खातात आणि त्या म्हशींचं दूध आपण पितो. त्या दिवशी चहाच्या टपरीवर काकांनी कोरा चहा मागवला. मला फार बरं वाटलं.

मी आयुष्यभर कृषी सहायक होते. कृषी सहायक म्हणजे सरकारचा गावातला शेवटचा माणूस. वरून आलेली योजना, पत्रक, दम आणि औषध गावापर्यंत न्यायचं आणि गावाच्या शिव्या वर पोचू न देता मध्येच गिळायच्या. सुरुवातीची वर्षं निफाडच्या द्राक्षबागांत गेली. मग बदली झाली येवल्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात. तिथे कांदा, मका आणि कपाशी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं हा अंक वाचतात आणि फोन करून भांडतात.

कपाशीच्या हंगामात माझ्याकडे एक गमतीचं काम असायचं, पट्टी लावण्याचं. कपाशीचं पान तोडायचं, छोट्या नळीत कुस्करायचं, वर पातळ द्रावणाचे थेंब टाकायचे आणि त्यात कागदी पट्टी बुडवायची. थोड्या वेळाने पट्टीवर रेघ उमटते. एकच उमटली तर कपाशी साधी, दोन उमटल्या तर बीटी. मी बांधावर पट्टी धरून बसले, की निंदणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. “मॅडम, दोन रेघा आल्या तर पेढं कुनी वाटायचं?” हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जाई आणि दरवर्षी तितकाच खुलून हसला जाई. मीही हसायचे.

हे तपासणं कशासाठी? तर बाजारात येणारं नकली आणि चोरटं बियाणं शोधायला; चोरट्यासाठी पट्टी वेगळी. तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही, असं एक वाण परवानगीशिवाय विकलं जायचं. त्याला लोक उघडपणे ‘चोर बीटी’ म्हणायचे. एकदा एक गृहस्थ तावातावाने माझ्या टेबलाशी आले. कोरी, बिननावाची पिशवी आपटून म्हणाले, “मॅडम, फसवणूक झाली. लिहून घ्या.”

“काय झालं?”

“चोर बीटी म्हनून बियानं घेतलं. तननाशक मारलं, तर तनाच्या आधी कपाशीच जळाली. नकली निघालं की वो!”

“म्हणजे तुम्हाला खरं चोर बियाणं हवं होतं?”

“मंग! पैसं काय नकलीला मोजलं व्हय?”

सरकारने अस्सल चोरीच्या मालाची हमी द्यावी, अशी मागणी करणारा हा माझ्या नोकरीतला पहिला माणूस. शेवटचा मात्र नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती यमुनामावशीची.

त्या काळी बीटी कपाशीच्या प्रत्येक पाकिटासोबत एक छोटी पुडी यायची. तिच्यात साध्या, बीटी नसलेल्या कपाशीचं बी. सरकारी भाषेत ‘आश्रय पीक’. नियम असा, की बीटीच्या भोवती या साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या. कारण शेतकऱ्याला सांगायला जड होतं. ‘अळ्यांना खायला थोडी कपाशी ठेवा’ असं सांगितल्यावर कोणता शेतकरी माझं ऐकणार? अळी मारायला पैसे देऊन बी आणायचं आणि वर अळीसाठी वेगळं ताट वाढायचं! मी सभांमधून घसा कोरडा करून सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी. जूनमध्ये बियाण्याच्या दुकानाच्या पायऱ्यांवर त्या पुड्यांचा सडा पडलेला असायचा. लोक तिथेच पाकीट फोडायचे, पुडी फेकायचे आणि निघायचे.

यमुनामावशी पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलण्यात फटकळ. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा नितीन नाशिकमध्ये सातपूरला कंपनीत, तिथल्याच द्वारका चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. मुलगा गुणी. आईने एकटीने रानात राबू नये असं त्याला मनापासून वाटायचं. रान भावकीतल्या भास्करतात्यांना बटाईने, म्हणजे पिकाच्या निम्म्या वाट्यावर, कसायला द्यावं आणि आईने नाशिकला यावं, असा त्याचा आग्रह. मावशी महिनाभर द्वारकेला राहून आली होती. “खिडकीत बसलं की ट्रका, ट्रकांमागं ट्रका. आन् माझी लाली जिना चढंल का?” लाली म्हणजे तिची शेळी. शेवटी मायलेकांत ठरलं, की एक हंगाम मावशीने एकटीने करून बघायचा. दिवाळीला कापूस घरात आला तर रान तिच्या हातात राहील. नाही आला तर नितीन सांगेल तसं, नाशिक. नितीनने हे भास्करतात्यांच्या देखत ठरवलं, त्यामुळे सगळ्या गावाला माहीत झालं. तात्यांनी म्हणे त्याच दिवशी मावशीच्या विहिरीत डोकावून पाणी बघितलं.

जुलैत मी पट्ट्या घेऊन त्या शिवारात फिरत होते. मावशीची कपाशी छान वर आली होती. तिने हाक मारून बोलावलं. “मॅडम, माझ्या बी रानाला लावा की पट्टी. दोन रेघा बघू द्या.”

पान कुस्करलं, पट्टी बुडवली. एकच रेघ. दुसऱ्या टोकाचं पान घेतलं. एकच. मधलं घेतलं. एकच. मला वाटलं पट्ट्या खराब झाल्या, म्हणून शेजारच्या रानातलं पान तपासलं. तिथे दोन ठसठशीत रेघा.

“मावशी, बी कुठलं आणलं?”

“दुकानातलंच की! त्याच कंपनीचं. हे बघा, पाकिटावर तोच कापूस छापलाय.”

घरात जाऊन तिने पिशवी आणली. पिशवीभर रिकाम्या पुड्या, सगळ्यांवर ‘नॉन-बीटी’ छापलेलं, इंग्रजीत. दुकानाच्या पायऱ्यांवरून आणि लोकांच्या बांधांवरून तिने त्या वेचल्या होत्या. “लोकं चांगलं बी फेकून देत्यात वो. नवीन पिढीला किंमतच नाय. म्या म्हनलं, मोठ्या पाकिटाचं पोट भरल्यावर उरलंसुरलं यात भरत असतील.” काही पुड्यांतलं बी उगवेना, म्हणून तिने एका जागी दोन-तीन टोचली होती. सारं रान तिने अशा फेकलेल्या पुड्यांनी पेरलं होतं, आणि याचा तिला केवढा अभिमान!

मी बांधावर बसले. आजूबाजूला मैलभर बीटी कपाशी. मध्ये मावशीचं रान, अळीला खाता येईल असं एकमेव. ऑगस्टमध्ये पतंग अंडी घालायला लागले, की शिवारातल्या सगळ्या अळ्यांना हेच एक ताट. तिला सांगितलं तेव्हा ती रिकाम्या पुड्या परत पिशवीत भरू लागली. मग म्हणाली, “म्हंजी मी नाशिकला चालले.” उशीर झालेला, दुसऱ्यांदा पेरणी शक्य नव्हती.

“मावशी, बीटी येण्याआधी लोक कापूस पिकवत नव्हते का? आपण हे रान राखू,” मी म्हटलं. म्हणताना माझाच विश्वास बसत नव्हता, पण मी ते इतक्या जोरात म्हटलं की लालीने मान वर करून पाहिलं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर लोक जमले आणि भास्करतात्या गरजले. तात्या म्हणजे पांढरी टोपी, मोठा आवाज आणि प्रत्येक विषयावर मत. “मॅडम, त्या रानातून सगळ्या गावात अळी पसरंल. आजच्या आज उपटून टाका. बाई मानसाचं काम हे का?”

मी विचारलं, “तात्या, तुमच्या पाकिटातली पुडी तुम्ही कुठे पेरली?”

तात्यांनी टोपी सारखी केली. “ती… आसंल कुठंतरी.”

“इथं कुणी पेरली? हात वर करा.”

एकही हात वर आला नाही. इतकी वर्षं सभांमध्ये जे सांगून कोणाला कळलं नव्हतं, ते त्या दिवशी मी वेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. म्हटलं, “हे बघा, बीटी खाऊन हजारो अळ्या मरतात. पण एखादी दणकट निघते, पचवते. तिचा पतंग होतो. त्याला जोडीदार शोधायचा. आजूबाजूला सगळी बीटी, म्हणजे जे वाचले ते सगळे असेच दणकट. त्यांची लग्नं आपसात, भावकीतल्या भावकीत. मग पोरं कशी होणार?”

“आजून दनकट,” कोणीतरी म्हणालं.

“बरोबर. काही वर्षांनी बीटी असून नसून सारखं. पण जवळच साधी कपाशी असली, की तिथून साधे पतंग उडत येतात, आणि ते संख्येने जास्त असतात. दणकटाला जोडीदार बाहेरच्या घरातला मिळतो. त्यांची पोरं बीटी खाल्लं की मरतात. म्हणून ती पुडी. तुम्ही सगळ्यांनी फेकलेली. आणि गावात ती एकाच बाईने पेरली.”

मग मागून एक म्हातारबा खोकला आणि म्हणाला, “म्हंजी यमुनाबाईच्या रानात वधूवर मेळावा भरलाय म्हना!”

जो हशा पिकला, तो मला आजही ऐकू येतो. मावशीसुद्धा पदराआड हसली. भास्करतात्यांची बायको पारुबाई मात्र हसली नाही. ती सरळ उभी राहून नवऱ्याला म्हणाली, “मंग आपली पुडी बी तिच्याच रानात हाय ना? आपलं बी तिनं राखायचं आन् आपन बघत बसायचं? मी उद्या सावडीला जानार.”

सावड म्हणजे आज तुझ्या रानात सगळ्या, उद्या माझ्या रानात सगळ्या. निंदणी-वेचणीला ती चालतेच. अळ्या वेचायची सावड मात्र त्या गावाने त्याआधी पाहिली नव्हती.

पुढचे दोन महिने हे माझ्या नोकरीतले सर्वांत सुखाचे दिवस. कॉलेजात शिकलेलं आणि पत्रकांत छापून वाटलेलं सगळं मला एकदाचं एका रानात करून बघायला मिळालं. पक्ष्यांना बसायला जागोजागी काठ्या रोवल्या. मादीच्या वासाने नर पतंगाला फसवणारे सापळे टांगले. मावशीने एका सापळ्यात डोकावून विचारलं, “नुसत्या वासावर येतुय? बाई बघायच्या आधीच?” आणि बायकांनी आपापल्या नवऱ्यांची नावं घेत तास काढला. निंबोळ्या कुटून अर्क केला, तेव्हा सगळ्यांचे हात आठवडाभर कडू होते. पारुबाईच्या पोळ्या कडू लागतात म्हणून तात्या घरात ओरडले, तर ती म्हणाली, “पुडी फेकली तवा कडू न्हाई लागलं?”

अळ्या वेचायला बायका रोज सकाळी यायच्या. हातात साबणाचं पाणी भरलेली बाटली. पातं, म्हणजे कपाशीची कळी, उलटायचं, हिरवी अळी चिमटीत धरायची, बाटलीत टाकायची. गाणी, थट्टा, उखाणे. मी शिकवावं असं कोणी शिल्लक नव्हतं, म्हणून मीही ओळ धरली. किळस पहिल्या दिवशी वाटली, नंतर कोणाच्या बाटलीत जास्त यावर आम्ही भांडू लागलो. आमच्या साहेबांनी फोनवर विचारलं, “कुठे आहात?” मी म्हटलं, “साहेब, मेळाव्यात.” त्यांना वाटलं शेतकरी मेळावा. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

सप्टेंबरात एक पावसाळी आठवडा असा आला, की काम थांबलं आणि अळी वाढली. तेव्हा मात्र आम्हाला औषध मारावं लागलं. पंप पाठीवर घेऊन, तोंडाला फडकं बांधून कोण उभं राहिलं, तर भास्करतात्या. “बायकांना जड जाईल,” एवढंच म्हणाले. ते रान त्यांना बटाईने मिळायचं होतं, आणि तेच रान ते वाचवत होते. मला त्या माणसाविषयी जे काही वाटत होतं, ते त्या दिवशी धुऊन निघालं.

दिवाळीच्या आधी नितीन आला. सुटी काढून, बहुधा आईचं सामान बांधायच्या तयारीने. मी बांधावर होते. त्याने पाहिलं, रान पांढरं झालेलं, निम्मं गाव ओळींनी वेचतंय, आई मध्ये उभी राहून सगळ्यांवर ओरडतेय आणि लाली फुटलेल्या बोंडाला तोंड लावतेय. कापूस शेजाऱ्यांपेक्षा कमीच आला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. पण घरात आला. ओसरीपासून आढ्यापर्यंत. नितीन त्या ढिगाजवळ उभा राहिला, हात खुपसला आणि म्हणाला, “आई, मी हारलो.” मावशी म्हणाली, “हारला कशाला? दोन दिस राहा, वेचू लाग.” तो राहिला. सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले आणि पारुबाईने ते सगळ्यांना दाखवलं.

मला सगळं गोडगोड सांगून थांबता येत नाही. बीटी आलं तेव्हा फवारण्या खरंच कमी झाल्या. औषध चढून बांधावर कोसळणारी माणसं मी आधी पाहिली होती, नंतर कमी पाहिली, आणि म्हणून मी त्या बियाण्याला उगाच शिव्या देत नाही. पण माणसाने ते वापरलं आपल्या सवयीने, घाईने. जिकडेतिकडे पुड्या फेकल्या गेल्या. पुढे गुलाबी बोंडअळी आली, आणि ती बीटीला भीक घालेना. बोंड बाहेरून टवटवीत, आत कुजलेलं. आमच्या गावालाही तिने सोडलं नाही, कारण पतंगाला शीव कळत नाही. एका गावाने शहाणं होऊन भागत नाही, ही सल माझ्या मनात आहे. आता साधं बी त्याच पिशवीत मिसळून देतात, फेकायची सोयच ठेवलेली नाही. हे आधी सुचलं असतं तर, असं वाटतं.

काकांना मी हेच सांगते. जीएम चांगलं की वाईट असं एका शब्दात विचारू नका. कोणतं पीक, कोणता गुण, कोणी तपासलं आणि पेरणारा त्याचं काय करणार, हे विचारा. काका म्हणतात, “ताई, तुम्ही सरळ उत्तर देत नाही.” ते आता दुधाचा चहा पुन्हा घेऊ लागले आहेत.

त्या कापसानंतरच्या जूनमध्ये मी येवल्याला बियाण्याच्या दुकानात तपासणीला गेले होते. बाहेर पायऱ्यांवर यमुनामावशी बसलेली. हातात तीच मोठी पिशवी, रिकामी. चेहरा रागाने लाल.

“काय झालं, मावशी?”

“सकाळधरनं बसलेय. आपल्या गावचं लोक आले, पाकिटं घेतली, गेले. एक बी पुडी फेकंना वो! भास्करला म्हनलं, दे तुझी. तर खिशात घातली आन् म्हनला, ‘वयनी, यंदा मेळावा आमच्या रानात.’” तिने पिशवी झटकली, घडी घातली आणि मग एकदम तिला हसू फुटलं. हसता हसता ती उठली, कमरेची पैशांची चंची सोडली आणि दुकानदाराला म्हणाली, “दे बाबा, मला बी एक पाकीट. पुडी हाय ना आत, ती आधी दाखव.”